जुन्या मीटरचा चुंबक

रेणुसे म्हणतो, ताई, हा घ्या, हार्ड डिस्कमधला,
बोट सापडलं तर नख काळं करील.
करील कसलं, मागच्या बुधवारी केलंच.
पण मला जोर नकोय, रेणुसे.
जुन्या बाजारात जोर काय, प्रत्येक पथारीवर आहे.

मला असा एक हवाय
जो मेच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे
साधारण तेवढाच राहील.

पस्तीस वर्षं पिंपरीला गेजरूममध्ये काढली.
वीस अंश, बारा महिने.
दाराबाहेर मशिनी, दाराआत आम्ही दोघी
आणि स्लिप गेजच्या मखमली पेट्या.
हाताच्या उबेनं पोलाद वाढतं, हे तिथे कळलं.
मग ठेवून द्यायचं ते, चहा पिऊन यायचं.
तोवर ते आपल्या मापात परत आलेलं असतं.

आता सहकारनगरात, जिन्याखालच्या कोनाड्यात
जमिनीला कान लावून बसेल असं एक यंत्र करतेय.
आडवा दांडा, टोकाला शिशाचा गोळा.
दांडा पितळेचा. ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त,
पण ऊन सरकलं की तेही सरकतं.
बिजागरीला फॉस्फर ब्राँझची पट्टी,
बोहरी आळीत हकीमुद्दीनभाईंनी
चष्मा कपाळावर चढवून कापून दिली,
पैसे घेताना म्हणाले, इतकी पातळ? तुटली तर माझ्याकडे नका येऊ.

तांबट आळीत वडक्यांनी विचारलं, कुठलं भांडं?
म्हटलं भांडं नाही. तळहाताएवढा पत्रा, सपाट.
यात काही ठेवायचं नाहीये,
चुंबकाच्या जबड्यात हा न टेकता हलायचाय.
हातोडी थांबली. तांबं चुंबकाला चिकटत नाही हो, बाई.
चिकटत नाही, खरंय.
पण त्याच्यासमोर घाईही करत नाही.

चुंबकाशिवाय दांडा सोडून पाहिला होता.
मी कुकर लावला, भाजी निवडली,
दोन फोन झाले, तरी तो डुलतच होता.
मग रेणुशाचा तो नख काळं करणारा लावला.
दांडा चिखलातून आल्यासारखा आला
आणि रेघेपर्यंत पोचायच्या आधीच पेंगला.

पाटणला मी चार वर्षांची.
फळीवरचे पेले एकमेकांना लागले तो आवाज आठवतो,
बाकी सगळं नंतर ऐकलेलं असेल.
जमीन थांबली.
आई नाही थांबली.
पुढे कराडला, सांगलीला, पुण्यात भाड्याच्या खोलीतही
रस्त्यावरून ट्रक गेला की
ती दार उघडून उंबऱ्यात उभी,
पिठाचे हात तसेच.

रविवारी मिळाला. काळा बॅकेलाइटचा वीजमीटर,
काचेवर कुणाचा तरी ग्राहक क्रमांक अजून चिकटलेला.
आत नालासारखा चुंबक, जुन्या जातीचा,
ज्यानं सगळा जन्म एक चकती
बेताबेतानं फिरू दिली.
रेणुसे म्हणाला, यात काय जीव उरलाय?
वीस रुपये दिले. काढताक्षणी त्याच्या दोन टोकांवर
लोखंडाची पट्टी ठेवली, उघडा राहिला की झिजतो म्हणून.

तरीही तीन रात्री दांडा डावीकडे ओढ घेत राहिला.
पट्टी बदलली, पाया पुन्हा समतल केला,
हकीमुद्दीनभाईंना मनातल्या मनात दोन शब्द बोलले.
निघाला स्क्रू. स्टेनलेस म्हणून आणलेल्या चारांतला एक
गुपचूप चुंबकाकडे वळलेला.
पितळी घातले. भाईंची माफी फोनवर मागितली,
त्यांना कशाची ते समजलं नाही.

काल रात्री ओढून सोडला.
आला, केसभर रेघ ओलांडली, परतला, उभा राहिला.
तेवढं केसभर मी ठेवलंय. अजिबात नको असं नाही.

सकाळी लॅपटॉपवर रात्र पाहिली.
सहा चाळीसला घंटागाडी.
त्याआधी वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन,
सोहनी पाचलाच उठतात, हे मला आजवर माहीत नव्हतं.
आणि तीन बाराला एक, बारीक,
आला आणि गेला.

वहीत तारीख, वेळ लिहिली.
कुठून, या रकान्यात काही लिहिलं नाही.
चुंबकाची पट्टी धुवून, पुसून
खिडकीत ठेवली आहे, लागली तर.